सेझानचा डोंगर

दक्षिण फ्रान्समध्ये एक्स नावाचे जुने नगर आहे. त्याच्या पूर्वेस सेंत व्हिक्त्वार हा चुनखडीच्या दगडाचा, सुमारे १,००० मीटर उंचीचा डोंगर उभा आहे. जगातील अनेक चित्ररसिक हा डोंगर प्रत्यक्ष न पाहताही ओळखतात. हे श्रेय पॉल सेझान या चित्रकाराचे.

सेझानचा जन्म १८३९ साली याच नगरात झाला. त्याचे वडील प्रथम टोप्यांचे व्यापारी होते; पुढे त्यांनी स्वतःची पेढी काढली. मुलाने कायदा शिकावा, अशी त्यांची इच्छा होती. त्यांच्या आज्ञेस मान देऊन पॉल कायद्याच्या वर्गास जाऊ लागला. परंतु त्याचे मन चित्रांत गुंतलेले होते. अखेर १८६१ साली वडिलांनी त्याला पॅरिसला जाऊ दिले. काही महिन्यांतच तो निराश होऊन परतला आणि पेढीवर बसू लागला. पण कुंचला त्याला स्वस्थ बसू देईना. पुढच्याच वर्षी तो पुन्हा पॅरिसला गेला. तेथील कलाविद्यालयाने त्याला प्रवेश नाकारला. शासकीय प्रदर्शनाचे परीक्षकही वर्षानुवर्षे त्याची चित्रे परत पाठवीत.

त्या काळी त्याची चित्रे काळपट रंगांची असत. १८७२ च्या सुमारास पिसारो या वडीलधाऱ्या चित्रकाराच्या सहवासात तो उघड्या रानात बसून चित्रे काढू लागला आणि त्याचे रंग उजळले. १८७४ साली या मित्रमंडळींनी स्वतंत्र प्रदर्शन भरविले. लोकांनी त्याची टर उडविली.

पुढे सेझान आपल्या जन्मभूमीतच अधिक काळ राहू लागला. तेथे त्याला आपला डोंगर पुन्हा भेटला. जवळची जमीन तो पिवळ्या, नारिंगी व हिरव्या रंगांनी रंगवी, तर दूरचा डोंगर निळ्या-जांभळ्या रंगांनी. उष्ण रंग जवळ आल्यासारखे भासतात आणि शीत रंग दूर गेल्यासारखे, हे त्याने जाणले होते. रंगांचे लहान लहान फटकारे शेजारी शेजारी ठेवून तो डोंगराला आकार देई. या एकाच डोंगराची त्याने तीसहून अधिक तैलचित्रे काढली. तरी एक चित्र दुसऱ्यासारखे नाही.

१८९५ साली पॅरिसमध्ये केवळ त्याच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन भरले. तेव्हा तो छप्पन्न वर्षांचा होता. तरुण चित्रकार आता त्याच्याकडे आदराने पाहू लागले. तथापि, त्याचे स्वतःचे समाधान झाले नव्हते.

ऑक्टोबर १९०६ मध्ये रानात चित्र काढीत असता वादळी पावसाने त्याला गाठले. पावसातही त्याने काम सोडले नाही. परतताना तो वाटेत कोसळला. धुण्याच्या गाडीत घालून त्याला घरी आणावे लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा बागेत चित्र काढावयास गेला! मात्र तेथून तो अंथरुणास खिळला आणि त्याच महिन्यात मृत्यू पावला.

पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये त्याच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. त्यातून पिकासो, ब्राक यांसारख्या तरुणांना नवी दृष्टी लाभली. पुढे पिकासोने १९५८ साली याच डोंगराच्या पायथ्याशी एक जुना वाडा विकत घेतला. सेझानने मात्र हा डोंगर कधी विकत घेतला नाही. रोज नव्याने पाहून त्याने तो आपलासा केला.