किड्यानें वांचविलेला पंडित : पिएर आंद्रे लात्रेय

आपल्या घरांच्या खिडक्यांपाशीं, तसबिरींच्या मागें आणि कधीं कधीं शाळेच्या फळ्याच्या चौकटीवरही मातीचीं लहान लहान घरटीं दिसतात. तीं बांधणाऱ्या माशीस आपल्याकडे कुंभारीण म्हणतात. मुलें भीतीनें तीं काठीनें पाडतात. लहानपणीं आम्हींही पाडलीं आहेत. परंतु तीं सारीं घरटीं एकाच माशीचीं नसतात, हें फार थोड्यांच्या ध्यानांत येतें. कांहीं मडक्यासारखीं वाटोळीं व चिंचोळ्या तोंडाचीं असतात, तर कांहीं मातीच्या नळ्या शेजारीं शेजारीं लिंपाव्या तशीं दिसतात. या दोन कुंभारणी बहिणी आहेत, कीं एकच धंदा करणाऱ्या केवळ शेजारणी? प्रश्न सोपा आहे, उत्तर मात्र सोपें नाहीं. अशा प्रश्नांचें उत्तर कोठें शोधावें, याची वाट ज्या थोर पुरुषांनीं दाखविली, त्यांतील एकाचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

पिएर आंद्रे लात्रेय याचा जन्म फ्रान्स देशांतील ब्रीव्ह या गांवीं 29 नोव्हेंबर 1762 रोजीं झाला. त्याचा पिता मोठा लष्करी अधिकारी होता. परंतु त्यानें या मुलास उघडपणें आपला म्हटलें नाहीं, आणि मातेचेंही छत्र त्यास लाभलें नाहीं. परक्यांच्या दयेवर वाढलेल्या या मुलाची बुद्धि मात्र तल्लख होती. पॅरिस येथें शिक्षण घेऊन 1786 सालीं त्यानें धर्मगुरूची दीक्षा घेतली. वेदीवरील सेवेबरोबरच शेताच्या बांधावर, भिंतींच्या फटींत व वाळूच्या ढिगांत तो किडे शोधीत फिरे.

त्याचें लक्ष विशेषेंकरून वेधलें तें एकाकी राहणाऱ्या गांधीलमाश्यांकडे व त्यांच्या आप्तांकडे. मुटिला नांवाच्या एका प्रजातीचेंच उदाहरण घ्या. तिची मादी पंखहीन, मखमली अंगाची, दिसावयास थेट मुंगी. नर मात्र पंख असलेला, उडणारा. बाह्य रूपावर विश्वास ठेवणारा मनुष्य या पतिपत्नींस दोन निरनिराळ्या कुळांत घालील! या मुटिलांवर लात्रेयनें लिहिलेला निबंध 1792 सालीं प्रसिद्ध झाला, आणि विद्वानांत त्याचें नांव होऊं लागलें.

तोंच फ्रान्समध्यें राज्यक्रांतीचा वणवा भडकला होता. नव्या सरकारास निष्ठेची शपथ न वाहणाऱ्या धर्मगुरूंवर संकट कोसळलें. लात्रेयनेंही शपथ घेतली नव्हती. 1793 सालीं त्यास पकडण्यांत येऊन बोर्दो शहरांतील तुरुंगांत टाकण्यांत आलें. पुढें मरण स्पष्ट दिसत होतें. एके दिवशीं कैद्यांस तपासणारा वैद्य कोठडींत आला, तों हा तरुण कैदी जमिनीवरील एक इवलासा भुंगेरा अत्यंत बारकाईनें न्याहाळीत असलेला त्यास दिसला. वैद्यानें विचारपूस केली, तेव्हां हा किडा फार दुर्मिळ आहे, असें कैद्यानें त्यास समजावून सांगितलें. त्या वैद्याच्या ओळखीचा बोरी द सँ-व्हँसाँ नांवाचा 15-16 वर्षांचा एक निसर्गप्रेमी मुलगा होता. त्याच्याकडे तो भुंगेरा पोंचला. मुलास लात्रेयचें नांव ठाऊक होतें. त्यानें खटपट केली, वजनदार माणसांची मनें वळविलीं, आणि लात्रेयची व त्याच्या एका सोबत्याची सुटका झाली. मागें राहिलेले इतर कैदी महिनाभरांत मृत्युमुखीं पडले, असें त्याचे चरित्रकार सांगतात. त्या किड्याचें शास्त्रीय नांव नेक्रोबिया रुफिकॉलिस.

विद्यार्थीमित्रहो, येथें क्षणभर थांबा. कोठडींत मरणाची वाट पाहणाऱ्या मनुष्यास किड्याकडे पाहण्याचें काय प्रयोजन? कांहींएक नाहीं. सुटकेचा हेतु मनांत धरून त्यानें तो भुंगेरा पाहिला नव्हता. पाहणें हा त्याचा स्वभावच झाला होता. आणि ज्यानें त्यास वांचविलें, तो तुमच्याच वयाचा मुलगा होता, हेंही विसरूं नका.

सुटल्यावर लात्रेयनें 1796 सालीं स्वतःच्या खर्चानें एक ग्रंथ छापला. त्यांत त्यानें कीटकांच्या प्रजाती नैसर्गिक नात्यांप्रमाणें कुळांत मांडल्या. त्याच्या पूर्वीं लिनीअसनें मुख्यतः पंखांवरून, तर फाब्रिसिअसनें मुखाच्या अवयवांवरून कीटकांचे वर्ग केले होते. एकाच अवयवावर भिस्त न ठेवतां पंख, मुख, पाय, स्पर्शिका इत्यादि सर्वांची साक्ष काढावी, ही लात्रेयची रीत. 1798 सालीं पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयांत त्याची नेमणूक झाली, आणि तेथें त्यानें लामार्कबरोबर काम केलें. मडकीं घडविणाऱ्या गांधीलमाशीच्या प्रजातीस त्यानें 1802 सालीं युमेनेस हें नांव दिलें. पुढें 1810 सालीं त्यानें प्रत्येक प्रजातीसाठीं एक प्रतिनिधि-जाति नेमून दिली, जेणेंकरून नांवांचा घोटाळा होऊं नये. 1814 मध्यें तो फ्रेंच विज्ञान अकादमीचा सभासद झाला. अध्यापकाचें आसन मात्र त्यास 1830 मध्यें, वयाच्या 67 व्या वर्षीं मिळालें. 6 फेब्रुवारी 1833 रोजीं त्याचें पॅरिस येथें निधन झालें. त्याच्या समाधीवरील स्तंभावर त्या इवल्याशा भुंगेऱ्याचें नांव त्याचा तारणकर्ता म्हणून कोरलेलें आहे.

आतां आपल्या दोन कुंभारणींकडे वळूं. मडकें करणारी बसली म्हणजे पुढचे पंख लांबीच्या दिशेनें घडी करून ठेवते, आणि तिच्या डोळ्यांना आंतल्या बाजूस खांच असते. कागदी पोळें करणाऱ्या गांधीलमाशीचींही हींच लक्षणें. नळ्या लिंपणारी पंखांची तशी घडी करीत नाहीं, व तिची कंबर तारेसारखी लांब असते. म्हणजे दोघींचा धंदा एक, पण कुळें दोन! आज शास्त्रज्ञ पेशींतील आनुवंशिक द्रव्य, ज्यास डी. एन. ए. म्हणतात, तें वाचतात. तेंही हीच साक्ष देतें. इतकेंच नव्हे, तर नळ्यावालीचें मधमाशीशीं असलेलें नातें मडकेवालीशीं असलेल्या नात्यापेक्षां जवळचें आहे, असें त्यावरून ठरलें आहे.

परंतु अगदीं सख्ख्या बहिणींची पारख करावयाची झाली, तर काम याहूनही बिकट होतें. दुसऱ्यांच्या घरट्यांत अंडीं घालणारी, रत्नासारखी चकाकणारी क्रिसिस इग्नाइटा नांवाची एक माशी आहे. हें नांव तिला लिनीअसनें 1758 सालीं दिलें. पुढें असें आढळलें कीं, त्या एका नांवाखालीं एकमेकींसारख्या दिसणाऱ्या अनेक जाति दडलेल्या आहेत. येथें रंग फसवितो. आकारही फसवितो, कारण बाल्यावस्थेंत अन्न कमी मिळालें तर माशी लहानच राहते. म्हणून शास्त्रज्ञ पाठीवरील सूक्ष्म खळगे, जबड्याची जाडी, नराच्या पोटाच्या टोंकाशीं असलेल्या अवयवांची घडण हें सर्व पाहतात, आणि मग डी. एन. ए.ची साक्ष घेतात. कधीं दोन्ही साक्षी जुळतात, कधीं जुळत नाहींत. न जुळल्यास घाईनें निकाल न देतां पुन्हां पाहावें लागतें. अनेक साक्षी घेण्याची ही रीत लात्रेयच्याच रीतीची पुढची पायरी होय.

आम्हां शिक्षकांसही यांतून बोध घेण्याजोगा आहे. वर्गांतील मुलांची पारख आम्ही पुष्कळदां एकाच लक्षणावरून, परीक्षेच्या गुणांवरून, करतों, आणि तेथेंच चुकतों. ज्या मुलास त्याच्या पित्यानें आपलें म्हटलें नाहीं, त्यानें पुढें सहस्रावधि मुक्या जीवांस त्यांचें कूळ मिळवून दिलें. म्हणून, मुलांनो, यापुढें भिंतीवर मातीचें घरटें दिसलें तर काठी उचलण्यापूर्वीं क्षणभर थांबा व तें नीट पाहा. पालकांनींही आपलें मूल किड्याजवळ बसलेलें दिसल्यास रागावूं नये. त्याच्या शेजारीं बसावें.