मीठ तुमचं, मत माझं

परदेशात शिकायला जायचं म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? अर्ज, स्कॉलरशिप, व्हिसा आणि आईनं बॅगेत कोंबलेली मेतकुटाची बरणी. आता हे सगळं क्षणभर बाजूला ठेवा आणि १८८३ सालात चला. तुमचं वय पंचवीस. नवरा वारलेला. आईवडील, भाऊ, बहीण यांच्यापैकी कुणीही उरलेलं नाही. सोबत दोन वर्षांची मुलगी. इंग्रजी जेमतेम. आणि जायचंय कुठे? तर इंग्लंडमधल्या एका ख्रिस्ती मठात. तिथे बायका व्रतं घेतात, शिस्तीत घडतात आणि मग त्यांच्यातल्या काही जणी थेट पुण्यात मिशनच्या कामाला येतात.

पंडिता रमाबाई हे करून बसल्या. शाळेच्या पुस्तकात त्यांच्यावर एखादा परिच्छेद तुम्ही वाचला असेल. विधवांसाठी शारदा सदन, केडगावचं मुक्ती मिशन, संपला धडा. पण या दोन्हींच्या आधी इंग्लंडमधली जवळजवळ तीन वर्षं आहेत, आणि ती आपल्या वयाच्या कुणालाही ओळखीची वाटतील अशी आहेत. कारण त्या वर्षांतला प्रश्न साधा आणि अवघड होता. ज्यांच्या घरात राहतो, ज्यांचं अन्न खातो, ज्यांच्या पैशानं शिकतो, त्यांना आपण नाही म्हणू शकतो का?

चालत आलेली पंडिता

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८चा, कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, म्हणून गावाचा रोष ओढवून घेतला होता. लेकीला संस्कृत शिकवलं ते आई लक्ष्मीबाईंनी. हे कुटुंब तीर्थक्षेत्रांमधून पुराणं सांगत फिरायचं. मग दुष्काळ आला आणि आईवडील गेले, बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास देशभर पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी परीक्षा घेऊन या वीस वर्षांच्या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या.

१८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. तो शूद्र मानल्या गेलेल्या जातीतला, त्यामुळे दोन्हीकडून बहिष्कार. १८८१ मध्ये मनोरमा झाली, आणि १८८२च्या सुरुवातीला कॉलऱ्यानं नवराही गेला. रमाबाई पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला. हंटर आयोगासमोर साक्ष देताना त्यांनी बायकांसाठी बाई डॉक्टर आणि बाई शिक्षक हव्यात असं सांगितलं. आणि मग ठरवलं की डॉक्टर आपणच व्हायचं.

पुण्यात तेव्हा वाँटेजच्या सेंट मेरी संघाच्या भगिनींचं मिशन होतं. त्यांच्या ओळखीनं इंग्लंडचं ठरलं. पण फुकट जाणं रमाबाईंना नको होतं. 'स्त्रीधर्मनीति' हे आपलं पुस्तक विकून त्यांनी प्रवासाचे पैसे उभे केले. तिथल्या राहण्याजेवणाच्या बदल्यात काय द्यायचं, तेही ठरलं. हिंदुस्थानात कामाला येणाऱ्या भगिनींना मराठी शिकवायची आणि स्वतः इंग्रजी शिकायचं. निघताना पुण्याच्या मंडळींना सांगितलं होतं की मी ख्रिस्ती होणार नाही.

घंटेवर चालणारा दिवस

वाँटेज हे दक्षिण इंग्लंडमधलं एक छोटं गाव. विल्यम बटलर नावाच्या तिथल्या धर्मगुरूंनी १८४८ मध्ये हा संघ सुरू केला होता. मठात येणारी बाई आधी उमेदवार, मग नवशिकी, आणि कसोटीला उतरली तर भगिनी. गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रतं. दिवस घंटेवर चालायचा. पहाटेपासून रात्रीपर्यंत ठरलेल्या वेळी प्रार्थना आणि मधल्या वेळात काम. शाळेत शिकवणं, आजाऱ्यांची सेवा, रस्त्यावर आलेल्या बायकांना आसरा देऊन उभं करणं. आपल्याकडच्या कडक हॉस्टेलची रेक्टर यांच्यापुढे मवाळ वाटावी.

या सगळ्या व्यवस्थेचा पाया होता आज्ञापालन. वरिष्ठांनी सांगितलं की का म्हणून विचारायचं नाही. आणि तिथे येऊन पडली जन्मभर शास्त्रार्थ करत वाढलेली पंडिता. रमाबाई भगिनी नव्हत्या, पाहुण्या आणि विद्यार्थिनी होत्या. पण घर त्यांचं होतं, आणि घराचे नियमही त्यांचेच.

सुरुवातच फार वाईट झाली. पुण्याहून सोबत आलेल्या मैत्रीण आनंदीबाई भगत यांनी तिथे गेल्यावर काही महिन्यांतच आत्महत्या केली. आपल्याला बळजबरीनं बाटवतील ही भीती त्यांच्या मनात बसली होती. रमाबाई इतक्या हादरल्या की ऑक्सफर्डला मॅक्स म्युलर यांच्याकडे राहायला गेल्या तेव्हा रात्री एकट्यानं झोपणंही त्यांना जमत नव्हतं. परक्या देशात आपल्या भाषेत बोलणारं एकुलतं एक मोठं माणूस गेलं होतं.

त्याच सुमाराला, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. पुण्यात खळबळ उडाली. न होण्याचं सांगून गेलेली बाई ख्रिस्ती कशी झाली? रमाबाईंनी आपल्या आठवणींत एका जागेचा उल्लेख केला आहे. लंडनच्या फुलहॅम भागात संघाचं एक आसरागृह होतं. समाजानं 'पतित' म्हणून टाकलेल्या बायकांना भगिनी तिथे मायेनं सांभाळत होत्या, त्यांना पुन्हा पायांवर उभं करत होत्या. असं काम रमाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. हे लोक असं का वागतात, असं त्यांनी विचारलं, तेव्हा एका भगिनीनं त्यांना येशू आणि शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. ती गोष्ट त्यांच्या मनात रुतली.

पुडिंगमधलं अंडं

आता तुम्हाला वाटेल, बाप्तिस्मा झाला, वाद मिटला. उलट खरा वाद इथून सुरू झाला.

पहिला वाद ताटातला. रमाबाई शाकाहारी होत्या आणि अंडं घातलेलं पुडिंगसुद्धा खात नव्हत्या. सिस्टर जेराल्डिन या रमाबाईंच्या धर्ममाता, मायलेकींवर जीव असणाऱ्या. छोटी मनोरमा त्यांना आजीबाई म्हणायची आणि रमाबाईही पत्रात तेच लिहायच्या. पण आजीबाईंना हे पथ्य खटकत होतं. जात सोडली तर जातीचा ताठा का सोडत नाहीस, असं त्यांचं म्हणणं. रमाबाईंचं उत्तर असं होतं की याला पूर्वग्रह म्हणायचं तर म्हणा, पण हिंदुस्थानात राहणारी इंग्रज बाई आपलं खाणंपिणं बदलत नाही म्हणून तिला कुणी गर्विष्ठ ठरवलं, तर ते तुम्हाला चालेल का?

दुसरा वाद क्रुसाचा. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती. रमाबाईंना संस्कृत हवी होती. लॅटिन मलाही येत नाही आणि माझ्या देशातल्या बायकांनाही येत नाही, मग ती जास्त पवित्र कशी, असा त्यांचा सवाल. बघा, मुद्दा धर्म नाकारण्याचा नव्हता. धर्म घेतला म्हणजे इंग्रजपणाही घ्यायलाच हवा का, हा होता.

दरम्यान मूळ स्वप्न मोडलं होतं. रमाबाईंना ऐकू कमी येऊ लागलं होतं, त्यामुळे डॉक्टरकीचं दार बंद झालं. १८८४ मध्ये त्या चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात दाखल झाल्या. तिथे गणित, विज्ञान, इंग्रजी साहित्य शिकायचं आणि संस्कृत शिकवायचं. प्राचार्य डोरोथिया बील मोकळ्या मनाच्या होत्या. रमाबाईंच्या धर्मशंका त्यांनी दाबल्या नाहीत, त्यावर चर्चा केली.

बिशप नाही म्हणाले तर?

मग सगळ्यात मोठा खटका उडाला. रमाबाईंनी तरुण मुलग्यांना हिंदुस्थानी भाषा शिकवाव्यात, अशी एक कल्पना निघाली. परवानगीचा प्रश्न मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांपर्यंत गेला. दोघांचंही म्हणणं नको. पुरुषांना शिकवणारी बाई हिंदुस्थानात परतल्यावर बदनाम होईल, तिचा प्रभाव राहणार नाही.

रमाबाई चिडल्या. ज्या बाईनं कलकत्त्यात, पुण्यात पुरुषांच्या भरसभेत भाषणं केली, तिला हिंदुस्थानात काय चालतं हे लाहोरचे साहेब सांगणार! त्यांनी स्पष्ट कळवलं की मला माझी सदसद्विवेकबुद्धी आहे, स्वतःचा निर्णय घेता येतो, आणि इकडच्या भटजींच्या जोखडातून महाप्रयासानं सुटून तिकडच्या पाद्र्यांचं जोखड मानेवर घेण्याचा माझा विचार नाही. सिस्टर जेराल्डिनना हा उर्मटपणा वाटला, उपकार विसरणं वाटलं.

त्यांच्या बाजूनंही जरा विचार करा. कोण कुठली बाई, तिला मुलीसकट घरात घेतलं, शिकवलं, आजारपणात जपलं. आणि तीच आता चर्चची मूळ तत्त्वं उकरून काढत होती. ख्रिस्त मान्य, पण त्रैक्याचा सिद्धांत पटत नाही, म्हणत होती. शिवाय आज्ञापालन हे भगिनींसाठी रमाबाईंना गप्प करायचं हत्यार नव्हतं, त्या स्वतः रोज तेच जगत होत्या. दोन्ही बाजू प्रामाणिक होत्या, म्हणून तर हे भांडण इतकं बोचरं आहे.

सगळ्यात बोचरा भाग मनोरमेचा. आई चेल्टनहॅमला आणि लेक बराच काळ वाँटेजला भगिनींजवळ. तिला काय शिकवायचं? मला जे पटलेलं नाही ते माझ्या मुलीला शिकवू नका, असं रमाबाई पुन्हा पुन्हा बजावत होत्या. मुलीनं आपल्या देशातल्या माणसांना परकं मानू नये, हीही काळजी होती. पण मुलगी सांभाळायला त्यांच्याच हाती दिलेली होती. हातात पैसा नाही, माहेर नाही, परतायला घर नाही, अशा जागेवरून रमाबाई हे सगळं बोलत होत्या. सगळं नीट असताना बाणेदारपणा दाखवणं सोपं असतं.

मठातून काय आणलं?

१८८६च्या सुरुवातीला त्या अमेरिकेला निघाल्या. निमित्त होतं आनंदीबाई जोशींना ११ मार्चला मिळणाऱ्या डॉक्टरकीच्या पदवीचं. थोड्या दिवसांसाठी गेलेल्या रमाबाई तिथे दोन वर्षांहून अधिक काळ राहिल्या. व्याख्यानं दिली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, आणि बॉस्टनला त्यांच्या कामासाठी मंडळ उभं राहिलं. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झालं. पहिल्या विद्यार्थिनींमधल्या एक गोदूबाई, म्हणजेच पुढच्या आनंदीबाई कर्वे, महर्षी कर्व्यांच्या पत्नी.

आता गंमत बघा. या सदनात मुलींना आपापल्या जातीचे, सोवळ्याचे नियम पाळायची मुभा होती. धर्म कुणावर लादायचा नाही, असं ठरलं होतं. पुडिंगमधल्या अंड्यावरून ज्यांना ऐकून घ्यावं लागलं, त्यांनी आपल्या स्वयंपाकघरात कुणावर ती वेळ आणली नाही.

पण गोष्ट इतकी सरळ संपत नाही. रमाबाई दार उघडं ठेवून प्रार्थना करायच्या आणि काही मुली येऊन बसायच्या. येऊ नका म्हणायला त्या तयार नव्हत्या. १८९३ मध्ये वाद पेटला. रानडे, भांडारकर यांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतलं आणि पालकांनी कित्येक मुली काढून नेल्या. मनोरमेला काय शिकवता, असं ज्या आईनं वाँटेजला विचारलं होतं, तिलाच आता दुसऱ्यांचे आईबाप तोच प्रश्न विचारत होते. पुढे दुष्काळात उचलून आणलेल्या शेकडो मुलीबायकांसाठी केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं, ते मात्र उघडपणे ख्रिस्ती होतं. त्यावर टीका झाली, आजही होते. ती वाचा आणि तुमचं मत तुम्ही बनवा. रमाबाईंना तरी दुसरं काय हवं असणार?

केडगावातच 'कृपा सदन' निघालं, समाजानं वाईट ठरवून टाकलेल्या बायकांसाठी. फुलहॅममध्ये पाहिलेलं काम रमाबाई विसरल्या नव्हत्या. बिशपांचं जोखड नाकारणाऱ्या बाईनं भगिनींची सेवा मात्र मनापासून उचलली. घ्यायचं ते घेतलं, नको ते तिथेच ठेवलं.

मनोरमाही आईसोबत याच कामात राहिली आणि १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या.

हे सगळं आपल्याला इतक्या तपशिलात कळतं ते त्यांच्या पत्रांमुळे. आणि ती जपून, जुळवून ठेवली कुणी? सिस्टर जेराल्डिन यांनीच. जिच्याशी आयुष्यभर मतं जुळली नाहीत, तिची उत्तरंही त्यांनी फेकली नाहीत. ती इंग्रजी पत्रं १९७७ साली महाराष्ट्र राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळानं पुस्तकरूपात काढली. कॉलेजच्या लायब्ररीत मागून बघा. उद्या तुम्ही कुणाच्या तरी फीवर, कुणाच्या तरी घरी राहून शिकायला जाल. तेव्हा आभार मानायचे कुठे आणि मान हलवायची कुठे, हे ठरवताना ती पत्रं उपयोगी पडतील.