मीटरला नाव त्याचं, पण मीटर त्यानं कधी पाहिलाच नाही : जिओव्हानी व्हेंच्युरीची गोष्ट

जायकवाडीचा डावा कालवा पैठणला सुरू होतो आणि 208 किलोमीटर चालतो. परभणीकडची गावं त्याच्या शेपटाकडे. त्यामुळे वरच्यांनी किती पाणी घेतलं, हा इथं साधा प्रश्न नसतो. 2005 साली राज्यात कायदा झाला आणि पाणी वापर संस्थांना पाणी मोजून द्यायचं ठरलं. पण मोजणारं यंत्रच चुकलं तर?

पाइपातलं पाणी मोजताना चूक कुठून येते, हे शोधत गेलं की गाठ पडते एका इटालियन पाद्र्याशी.

जिओव्हानी बॅटिस्टा व्हेंच्युरी. 1746 साली उत्तर इटलीतल्या बिब्बियानो गावचा जन्म. 1769 मध्ये तो धर्मगुरू झाला, पण जीव रमला भूमिती आणि भौतिकशास्त्रात. 1774 मध्ये तो मोडेना विद्यापीठात प्राध्यापक झाला. शिवाय तिथल्या ड्यूकच्या पदरी इंजिनिअर, म्हणजे पूल बांधा, दलदलीतलं पाणी काढा ही कामंही त्याच्याकडेच.

1796 मध्ये नेपोलियनची फौज इटलीत शिरली. ड्यूकच्या शिष्टमंडळाबरोबर व्हेंच्युरी पॅरिसला गेला आणि तिथंच राहिला. फ्रेंचांनी मिलानहून उचलून आणलेल्या लिओनार्दो दा विंचीच्या वह्या त्यानं वाचल्या, त्यावर निबंध लिहिला. त्याच वर्षी, 1797 मध्ये, पाण्याच्या प्रवाहावरचं त्याचं पुस्तक छापून आलं.

पाइप मध्येच अरुंद केला की तिथं पाण्याचा वेग वाढतो आणि दाब घटतो, हे त्यानं प्रयोगांनी दाखवलं. पाइप एकदम रुंद झाला की भोवरे उठतात आणि पाणी कमी येतं, हेही दाखवलं. त्याच पुस्तकात रोमन लोकांची एक लबाडी आहे. रोममध्ये घरोघरी पाणी मिळायचं ते ठरावीक मापाच्या काशाच्या तोटीतून. काही हुशार मंडळी तोटीला पुढे रुंद होत जाणारा पाइप जोडायची आणि जास्त पाणी ओढायची. म्हणून नियम आला: तोटीनंतर 50 फूट पाइप त्याच मापाचा हवा. जोडणी बदलली की माप बदलतं, हे दोन हजार वर्षांपूर्वीच्या पाणीखात्यालाही कळलेलं होतं!

पुढे व्हेंच्युरी राजनैतिक प्रतिनिधी म्हणून स्वित्झर्लंडमध्ये बर्नला होता. 1822 मध्ये तो गेला. मीटर वगैरे काही त्यानं बनवला नव्हता.

तो बनवला अमेरिकेत क्लेमेन्स हर्शेलनं, 1887 मध्ये. मॅसॅच्युसेट्समधल्या होल्योक गावात कंपनी कालव्याचं पाणी गिरण्यांना विकायची, आणि कोणी किती वापरलं हे मोजायला खात्रीचं साधन हवं होतं. हर्शेलनं मध्ये अरुंद असलेला पाइप बसवला, दोन ठिकाणचा दाब मोजला आणि फरकावरून प्रवाह काढला. नाव मात्र व्हेंच्युरीचं दिलं. एवढा दिलदारपणा दुर्मीळच.

पण या हिशोबाला एक अट आहे: मीटरपाशी येणारं पाणी सरळ आणि सारखं आलं पाहिजे. आधी एल्बो असेल तर वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाणी जोरात जातं, आतल्या बाजूला मंद. दोन एल्बो वेगवेगळ्या दिशांना वळलेले असतील तर सगळं पाणी स्क्रूसारखं फिरत पुढे जातं, आणि ही फिरकी लांबपर्यंत टिकते. अर्धवट उघडा व्हॉल्व्ह तर त्याहून वाईट. अशा वेळी मीटर बिघडलेला नसतो, तरी आकडा कमी किंवा जास्त येतो.

उपाय म्हणजे मीटरच्या आधी सरळ पाइप. ढोबळ हिशोब व्यासाच्या 10 पट, म्हणजे 6 इंची पाइपला 5 फूट. व्हॉल्व्ह किंवा दुहेरी वळण असेल तर त्याहून बराच जास्त. मध्ये भोक असलेली चकती बसवून मोजायचं असेल तर व्हेंच्युरीपेक्षा जास्त जागा सोडावी लागते. आणि प्रवाह कमी-जास्त करायचा व्हॉल्व्ह बसवायचा तो मीटरच्या पुढे, आधी नाही. पंपघरात जागा कमी म्हणून एल्बोला चिकटून मीटर बसवला, तर रोज चुकीचा आकडा वहीत चढतो आणि पाणीपट्टी त्यावरच निघते.