मैला उपसणाऱ्या हातांचा कैवारी

बुलढाणा, खामगाव, मलकापूर किंवा चिखली. शहर कोणतेही असो, घरामागची सेप्टिक टाकी भरली की ती उपसायला कोणाला बोलवायचे, हा प्रश्न कधी ना कधी दारात उभा राहतोच. गाडी येते, पैसे चुकते होतात, झाकण पुन्हा बसते आणि घरातील मंडळी खिडक्या उघडतात. या झाकणाखाली मैल्याबरोबर जातिव्यवस्थेचा एक जुना व्यवहारही दडलेला आहे. तो उघड्यावर आणून स्वतःच्या हातांनी मोडू पाहणारी जी मोजकी माणसे महाराष्ट्रात होऊन गेली, त्यांत कोकणचे गांधी म्हणून ओळखल्या गेलेल्या अप्पासाहेब पटवर्धन यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल.

सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८९४ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात झाला. ब्राह्मण कुटुंब, तल्लख बुद्धी, उच्च शिक्षण आणि पुण्यातील प्राध्यापकी असा प्रतिष्ठेचा मार्ग त्यांच्यापुढे सरळ आखलेला होता. महात्मा गांधींच्या सहवासात आल्यानंतर त्यांनी तो सोडला आणि कोकण ही आपली कर्मभूमी मानली. गांधीजींचे आत्मचरित्र मराठीत आणण्याचे श्रेयही त्यांचेच. १९३० च्या शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहात ते अग्रभागी होते. तथापि, त्यांचे खरे वेगळेपण दिसले ते तुरुंगात.

१९३२ साली रत्नागिरीच्या कारागृहात असताना अप्पासाहेबांनी अधिकाऱ्यांकडे एक विलक्षण मागणी केली. त्या काळी भंगीकाम म्हटले जाणारे शौचकूप सफाईचे काम आपल्याला द्यावे, अशी ती मागणी होती. तुरुंगात हे काम कैद्याच्या जातीवरून ठरत असे. सवर्ण कैद्याने ते मागावे, ही गोष्ट नियमात बसणारी नव्हती. मागणी फेटाळली गेली. अप्पासाहेबांनी निषेध म्हणून आपला आहार अत्यल्प केला आणि त्यांची प्रकृती खालावू लागली. येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींना हे समजताच त्यांनी ३ डिसेंबर १९३२ रोजी सहानुभूतीचे उपोषण सुरू केले. पुणे कराराच्या उपोषणाला जेमतेम दोन महिने उलटले होते. प्रश्नाचा विचार करण्याचे आश्वासन सरकारकडून मिळाल्यावर दुसऱ्याच दिवशी ते थांबले. पुढे सवर्ण कैद्यांना स्वेच्छेने हे काम करण्याची मुभा मिळाली. एका शौचकूपाच्या सफाईसाठी देशाच्या नेत्याने प्राण पणाला लावावेत, अशी ही घटना होती. आज ती फारशी कोणाच्या स्मरणात नाही.

या भूमिकेला विरोधही होता आणि तो साधार होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सफाईकामाला पावित्र्य बहाल करण्याच्या गांधीवादी विचारावर कठोर टीका केली. ज्यांच्यावर हे काम पिढ्यान्‌पिढ्या लादले गेले, त्यांना त्याचे गौरवगान नको होते, त्यातून सुटका हवी होती. सवर्णाने चार दिवस झाडू हाती घेतल्याने जात मोडत नाही, हा आक्षेप टाळता येण्यासारखा नाही. अप्पासाहेबांच्या उत्तरायुष्यातील काम याच कसोटीवर पाहावे लागते. माणसाला ताजा मैला हाताळावाच लागू नये, अशी व्यवस्था घडविण्याकडे ते वळले.

१९४८ साली त्यांनी कणकवलीजवळ गोपुरी आश्रमाची स्थापना केली. मेलेल्या जनावरांचे कातडे सोलण्यापासून ते कमावण्यापर्यंतची कामे त्यांनी तेथे स्वतः केली. हलकी समजली गेलेली कामे शास्त्रशुद्ध करावीत आणि त्यांना लागलेला जातीचा डाग पुसावा, हा त्यामागचा हेतू होता. विष्ठेपासून खत आणि गॅस मिळविण्याचे प्रयोग हा गोपुरीच्या कार्याचा महत्त्वाचा भाग ठरला. टोपली आणि पाटीचे संडास सर्वत्र असण्याचा तो काळ होता. मैला डोक्यावरून वाहून नेला जात होता. मैल्यावर माती, राख, पालापाचोळा पडला आणि त्याला पुरेसा अवधी मिळाला, तर त्याचे निर्गंध खत होते, हा साधा निसर्गनियम गोपुरीने व्यवहारात उतरविला.

पुढे देशभर रूढ झालेल्या दोन शोषखड्ड्यांच्या संडासामागे हेच तत्त्व आहे. एक खड्डा भरला की तो बंद करून दुसरा सुरू करायचा. वर्ष-दीड वर्षाने पहिल्या खड्ड्यात कोरडे खत तयार असते आणि ते काढायला कोणीही फावडे हाती घेऊ शकतो.

सेप्टिक टाकीचे गणित वेगळे आहे. तिच्यात दररोज नवा मैला येत राहतो. तळाशी साचलेला गाळ दोन-तीन वर्षांतून एकदा उपसावाच लागतो, अन्यथा तो सांडपाण्याबरोबर वाहून शोषखड्डा निकामी करतो. हा गाळ कुजताना हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन हे वायू तयार होतात. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की नाकाची वास ओळखण्याची शक्तीच जाते, म्हणून वास येत नाही याचा अर्थ धोका नाही असा होत नाही. टाकीत उतरलेला पहिला माणूस कोसळतो आणि त्याला वाचवायला गेलेला दुसराही. टाकी यंत्रानेच उपसावी, कोणालाही आत उतरवू नये, हा नियम म्हणूनच जीवन-मरणाचा आहे.

अप्पासाहेबांचे निधन १० मार्च १९७१ रोजी झाले. त्यांच्या विचारांचा वारसा देहू येथे डॉ. श्री. वि. मापुसकर यांनी बायोगॅसला जोडलेल्या संडासांच्या रूपाने चालविला. तेथील सफाई व पर्यावरण तंत्रनिकेतनाला अप्पा पटवर्धनांचेच नाव आहे. मापुसकरांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

कायदा मात्र फार उशिरा आला. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांविना गटारे व सेप्टिक टाक्या साफ करून घेण्यावर बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मृतांच्या वारसांना १० लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख झाली. सातारा जिल्ह्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर या नगरपालिकांनी तीन वर्षांच्या फेऱ्याने शहरातील टाक्या ठरवून उपसण्याची पद्धत अवलंबिली. टाकी तुंबेपर्यंत वाट न पाहण्याची ही शिस्त बुलढाणा जिल्ह्यातील शहरांनाही परवडण्यासारखी आहे.

गाडी बोलावताना यंत्र आहे ना, कोणी आत उतरणार नाही ना आणि उपसलेला गाळ नाल्यात तर जाणार नाही ना, हे तीन प्रश्न घरमालकाला विचारता येतात. रत्नागिरीच्या तुरुंगात ज्या माणसाने झाडू मागितला, त्याचे स्मरण करण्याचा याहून साधा मार्ग नाही.