पंडिता रमाबाई : दुष्काळातून उमललेली कृतज्ञता

पंडिता रमाबाई यांचे नाव निघताच त्यांची विद्वत्ता आणि त्यांच्या धर्मांतराने उठलेले वादळ आठवते. त्यांच्या ख्रिस्ती जीवनाचे खरे दर्शन मात्र केडगावच्या मुक्तिसदनात घडते.

२३ एप्रिल १८५८ रोजी जन्मलेल्या रमाबाईंना संस्कृतचे संस्कार घरातच लाभले. पुराणे सांगत गावोगाव फिरणारे हे डोंगरे कुटुंब १८७० च्या दशकातील दुष्काळात होरपळले. वडील अनंतशास्त्री, आई लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण थोड्याच काळात गेली. रमाबाई व भाऊ श्रीनिवास यांनी अर्धपोटी भ्रमंती केली. १८७८ मध्ये कोलकात्यात त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. पण १८८० मध्ये भाऊ आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी निवर्तले. पदरी तान्ही मनोरमा होती.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ईश्वरापुढे नम्र असलेल्या रमाबाईंनी धर्माधिकाऱ्यांची प्रत्येक आज्ञा मात्र मुकाट्याने मानली नाही. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदासदन काढले व पुढे ते पुण्यास हलविले. १८९३ मध्ये तेथे धर्मप्रसार होत असल्याच्या आरोपावरून न्या. रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. तरीही सदन बंद पडले नाही.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बालपणीची भूक न विसरलेल्या रमाबाई स्वतः तेथे गेल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. प्लेगमुळे पुण्यात निर्बंध असल्याने त्यांना केडगावच्या शेतावर आसरा दिला गेला. त्यातूनच मुक्तिसदन उभे राहिले. १९०० मधील गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दीड हजारांच्या घरात गेली. आपण वाचलो ही देवाची कृपा, आणि ती दुसऱ्या उपाशी जिवापर्यंत पोचविणे हेच आभार, हा त्यांच्या कार्याचा अर्थ होता.

विद्वत्तेचा अभिमानही त्यांनी असाच बाजूला ठेवला. उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. संस्कृतवर प्रभुत्व असलेल्या या विदुषीने त्यासाठी जाणीवपूर्वक साधी मराठी निवडली. अल्पशिक्षित खेडूत स्त्रीलाही ते समजावे, हा हेतू होता. सदनातील स्त्रियाच छापखान्यात खिळे जुळवीत.

जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाईंचे निधन झाले. संस्थेची धुरा जिच्यावर सोपवायची, तीच कन्या गेली. त्या आघातानंतरही रमाबाईंनी भाषांतराचे काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. त्यांनी उभारलेली संस्था केडगावात आजही निराधार स्त्रिया व मुलांना आधार देत आहे.