लोकनायक बापूजी अणे

यवतमाळ जिल्ह्यात वणी नावाचे गाव आहे. या गावी २९ ऑगस्ट १८८० रोजी माधव श्रीहरी अणे यांचा जन्म झाला. पुढे सारा महाराष्ट्र त्यांना बापूजी अणे म्हणून ओळखू लागला. लोकांनी त्यांना प्रेमाने 'लोकनायक' ही पदवी दिली. परंतु त्याच्या कितीतरी आधी त्यांनी आणखी एक पदवी मिळविली होती. ती होती विद्यापीठाची.

त्या काळी वऱ्हाडात एकही महाविद्यालय नव्हते. उच्च शिक्षणाची आवड असलेल्या मुलाला घर सोडून नागपूर गाठावे लागे. तेथील मॉरिस महाविद्यालय तेव्हा दूरच्या कलकत्ता विद्यापीठाला जोडलेले होते. बापूजींनी याच महाविद्यालयात अध्ययन केले आणि १९०२ साली ते बी. ए. झाले. त्या दिवसांत पदवीधर विरळा असत. पदवी हाती आली की सरकारी कचेरीतील नोकरी, नियमित पगार आणि म्हातारपणी निवृत्तिवेतन, अशी सुखाची वाट समोर दिसू लागे. बापूजींनी मात्र ही वाट धरली नाही.

१९०४ साली ते अमरावतीच्या एका खाजगी विद्यालयात शिक्षक झाले. तेथे त्यांनी सुमारे तीन वर्षे अध्यापन केले. त्याच काळात कायद्याचाही अभ्यास पुरा करून १९०८ साली त्यांनी यवतमाळ येथे वकिली सुरू केली. याच वर्षी लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना मंडालेच्या तुरुंगात नेण्यात आले. टिळकांचा अनुयायी म्हणविणे म्हणजे सरकारचा रोष ओढवून घेणे होय, असा तो काळ होता. तरुण वकिलाला तर असा रोष फारच महागात पडण्याजोगा. तरीही बापूजींनी टिळकांना आपले गुरू मानले आणि ती निष्ठा जन्मभर जपली.

१९२० साली लोकमान्य निवर्तले आणि देशाचे नेतृत्व महात्मा गांधींकडे आले. कायदेमंडळांवर बहिष्कार घालावा, हे गांधीजींचे मत बापूजींना पटले नाही. आपले मत त्यांनी लपविले नाही. पण मतभेद निराळा आणि देशकार्य निराळे, हेही ते जाणून होते. १९३० साली गांधीजींनी दांडी येथे मिठाचा कायदा मोडला, तेव्हा वऱ्हाडातील कार्यकर्त्यांपुढे एक अडचण उभी राहिली. येथे समुद्र नाही. मग मीठ करावे कोठे? पण येथे जंगले होती आणि जंगलांचे जाचक कायदेही होते. पिढ्यान् पिढ्या ज्या रानात गुरे चरली, त्याच राखीव रानातील गवत परवानगीवाचून कापणे हा आता गुन्हा ठरला होता. शेतकऱ्याला हे दुःख कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. १० जुलै १९३० रोजी यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथे बापूजींच्या नेतृत्वाखाली जंगल सत्याग्रह झाला. न्यायालयात कायद्याचा अर्थ सांगणारा हा विद्वान वकील रानात गेला आणि गवत कापून त्याने उघडपणे कायदा मोडला. त्याबद्दल त्यांना कारावास भोगावा लागला.

१९४१ साली बापूजी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद झाले. परदेशात राहणाऱ्या भारतीयांचे खाते त्यांच्याकडे आले. अधिकाराचे हे फार मोठे स्थान होते. मात्र काँग्रेसचा सरकारशी विरोध चालू असताना त्यांनी ते स्वीकारावे, हे अनेकांना रुचले नाही. थोड्याच काळात त्यांच्या कसोटीचा क्षण आला. फेब्रुवारी १९४३ मध्ये पुण्याच्या आगाखान राजवाड्यात स्थानबद्ध असलेल्या गांधीजींनी एकवीस दिवसांचे उपोषण आरंभिले. त्यांची प्रकृती खालावू लागली, तरी सरकार त्यांची सुटका करीना. ज्या सरकारात आपण बसलो आहोत, त्याच्या कैदेत गांधीजींच्या प्राणांवर बेतले आहे, हे बापूजींना सहन झाले नाही. १७ फेब्रुवारी रोजी त्यांनी आपल्या पदाचा राजीनामा दिला. होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार या दोघा सभासदांनीही तेच केले. गांधीजींशी अनेकदा मतभेद झालेल्या मनुष्याने गांधीजींसाठी एवढे मोठे पद सोडले!

त्यानंतर बापूजींनी सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, भारताचे प्रतिनिधी म्हणून काम पाहिले. देश स्वतंत्र झाल्यावर १९४८ ते १९५२ या काळात ते बिहारचे राज्यपाल होते. १९६२ साली, वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर, नागपूरच्या मतदारांनी त्यांना लोकसभेवर निवडून दिले.

शिक्षक, वकील, सत्याग्रही, राज्यपाल अशी कामे बदलत गेली, पण विद्यार्थिदशेत जडलेली विद्येची आवड त्यांना कधी सोडून गेली नाही. राजकारणाच्या धकाधकीतही त्यांनी संस्कृतचा व्यासंग चालू ठेवला आणि उतारवयात लोकमान्यांच्या जीवनावर 'श्रीतिलकयशोऽर्णव' हे विस्तृत संस्कृत महाकाव्य रचले. तरुणपणी ज्यांना गुरू मानले, त्यांचे ऋण त्यांनी असे फेडले.

२६ जानेवारी १९६८ रोजी, प्रजासत्ताकदिनीच, बापूजींचे निधन झाले. त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण हा सन्मान दिला. १९७३ साली त्यांच्या महाकाव्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तो पाहण्यास ते हयात नव्हते.

पदवीने बापूजींना अनेक पदांची दारे उघडून दिली. त्या दारांतून ते निर्भयपणे आत गेले. आणि सदसद्विवेकबुद्धीने हाक दिली, तेव्हा तितक्याच निर्भयपणे बाहेरही आले.