बंगळूर नागरत्नम्मा : मिळकत, ग्रंथ आणि समाधी

तंजावरच्या भोसले राजवटीत रचल्या गेलेल्या एका तेलुगू काव्याचा उद्धार आणि त्याच राजवटीत होऊन गेलेल्या त्यागराजांच्या समाधीचा जीर्णोद्धार, ही दोन्ही कार्ये एकाच स्त्रीच्या नावावर जमा आहेत. पहिले तिने आपल्या विद्वत्तेच्या बळावर केले, दुसरे आपल्या कमाईच्या. ती स्त्री म्हणजे बंगळूर नागरत्नम्मा होय.

त्यांचा जन्म १८७८ साली म्हैसूर संस्थानातील नंजनगूड येथे देवदासी-परंपरेतील घराण्यात झाला. आई पुट्टलक्ष्मी यांनी त्यांना संस्कृत, संगीत आणि नृत्य यांचे रीतसर शिक्षण देवविले. पुढे त्या मद्रासला स्थायिक झाल्या आणि गायनाच्या मैफलींवर त्यांनी मोठी संपत्ती मिळविली. त्या शहरात आयकर भरणाऱ्या पहिल्या स्त्री-कलावंतांत त्यांची गणना होते. कमावणे, राखणे आणि योजनापूर्वक खर्च करणे हा व्यवहार त्यांनी अखेरपर्यंत स्वतःच्या हाती ठेवला.

प्रतापसिंह भोसले (१७३९–१७६३) यांच्या दरबारातील मुद्दुपळनी हिचे ‘राधिकासांत्वनमु’ हे काव्य त्यांच्या वाचनात आले. आधीच्या छापील प्रतीत कवयित्रीची कुलकथा सांगणारा भाग आणि कित्येक पद्ये गाळलेली होती. नागरत्नम्मांनी मूळ संहिता मिळवून १९१० साली वाविळ्ळ प्रकाशनातर्फे तिची संपादित आवृत्ती काढली. कंदुकूरि वीरेशलिंगम् यांनी या काव्यावर अश्लीलतेचा ठपका ठेवला होता. पुरुष कवींच्या शृंगाराला एक न्याय आणि स्त्रीच्या शृंगाराला दुसरा का, असा प्रश्न नागरत्नम्मांनी प्रस्तावनेत उभा केला. सरकारने ग्रंथावर बंदी घातली आणि प्रती जप्त केल्या. टंगुटूरि प्रकाशम् यांच्या कारकीर्दीत बंदी उठली व १९५२ साली नवी आवृत्ती निघाली.

१९२७ साली मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांनी मद्रास विधिमंडळात देवदासी-समर्पण बंद करण्याचा ठराव आणला, तेव्हा नागरत्नम्मा विरोधाच्या आघाडीवर होत्या. रेड्डींच्या दृष्टीसमोर अजाण मुलींचे शोषण होते. नागरत्नम्मांना भय होते ते विद्या, वारसा आणि मालमत्ता यांवरील स्त्रियांचा हक्क बुडण्याचे. १९४७ च्या कायद्याने पहिला प्रश्न निकालात काढला. दुसऱ्याला मात्र त्यात उत्तर नव्हते.

कावेरीकाठच्या तिरुवैयारू गावी त्यागराजांची समाधी दुर्लक्षित अवस्थेत होती. नागरत्नम्मांनी जागा मिळवून १९२१ साली मंदिराची पायाभरणी केली; १९२६ च्या जानेवारीत प्रतिष्ठापना झाली. त्यासाठी त्यांनी दागिने विकले, साठविलेला पैसा ओतला. तरीही तेथील आराधना-उत्सवाच्या दोन पुरुषप्रधान गटांत स्त्रियांना गाण्यास मज्जाव होता. तेव्हा त्यांनी स्त्रियांचा तिसरा पक्ष उभारला आणि समाधीसमोर स्वतः हरिकथा केली. मराठी कीर्तनाच्या संस्काराने तंजावरात घडलेला हा कथाप्रकार एका स्त्रीच्या हक्काचे साधन ठरला, ही गोष्ट मराठी अभ्यासकाने विशेष नोंदवावी अशी आहे. १९४० च्या सुमारास हे गट एकत्र आले आणि स्त्रियांना तेथे स्थान मिळाले.

१९४९ च्या मृत्युपत्राने त्यांनी आपली मिळकत विश्वस्त निधीकडे सोपविली. समाधीवर देवदासींसह सर्व स्त्रियांना गाण्याचा अधिकार राहावा, ही त्यातील अट होती. १९ मे १९५२ रोजी तिरुवैयारूतच त्यांचे देहावसान झाले. त्यागराजांच्या समाधीनजीकच त्यांचीही समाधी आहे. ज्या अंगणात त्यांना एके काळी गाता येत नव्हते, तेथे त्यांच्या मृत्युपत्रातील अक्षरांनी पुढच्या पिढीतील स्त्रियांची जागा राखून ठेवली.